चौदावा दिवस सोडा, उलटं मोजा

मूल हवं असलेल्या बाईला कुणीतरी अंडं सुटण्याचा म्हणून पाळीपासूनचा ‘चौदावा दिवस’ सांगून ठेवलेलाच असतो. रावेर-यावलकडच्या सुना कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करूनच माझ्याकडे येतात. तो गोल आधी खोडा.

पाळीचं रक्त जायला लागलं तो पहिला दिवस. अशा मागच्या चार-सहा पाळ्यांच्या तारखा लिहून काढा.

आता मोजणी, आणि सगळा घोळ इथेच होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच नावाचं संप्रेरक (हार्मोन) येतं, त्याने अंडाशयातल्या पुटिका, म्हणजे अंडं असलेल्या बारीक पिशव्या, वाढतात. त्यातली एक पुढे निघते आणि इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक सोडू लागते. इस्ट्रोजेन बेताचं असेपर्यंत पिट्युटरीला आवरून धरतं. तेच दोनेक दिवस चढं राहिलं की उलट तिला डिवचतं. मग पिट्युटरीचंच एलएच हे संप्रेरक उसळतं आणि साधारण 36 तासांत अंडं सुटतं. पण पुटिका इथवर यायला किती दिवस घेईल याचा नेम नाही. आजारपण, ताण, पोटाची आबाळ, कशानेही ती रखडते.

अंडं सुटल्यानंतरचं मात्र बरंचसं ठरलेलं. रिकाम्या पुटिकेचा मागे उरलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवत साधारण 14 दिवस टिकतो, दोन दिवस इकडेतिकडे. गर्भ राहिला नाही तर तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, पाळी येते.

म्हणून लिहिलेल्या तारखांवरून पुढच्या पाळीचा अंदाज घ्या आणि तिथून 14 दिवस मागे या. 35 दिवसांनी पाळी येणारीचं अंडं एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, 26 वालीचं बाराव्या. तारखा फारच मागेपुढे होत असतील तर ही मोजणी चालणार नाही.

अंडं जेमतेम एक दिवस जगतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. तेव्हा संबंधांसाठी अंडं सुटण्याआधीचे दिवस महत्त्वाचे. कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा तार धरणारा स्राव दिसला की वेळ आली. लघवीत एलएच चढलं का ते दाखवणारी पट्टी मिळते, ती अंदाजे दिवसाच्या चार दिवस आधीपासून रोज ठरल्या वेळी वापरा. पीसीओएस (अंडं वेळेवर न सुटणारा संप्रेरकांचा बिघाड) असेल तर पट्टीवर विसंबू नका, त्यात एलएच एरवीही चढं असू शकतं.

अंडं सुटलं का ते बघायला रोज उठल्यावर थर्मामीटर लावणं मला फारसं पटत नाही. प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर वाढतं, पण अंडं सुटून गेल्यावर. त्यात मे महिन्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, झोपून, रात्रीतून चारदा उठून घेतलेला आकडा काय कामाचा!

मूल नको म्हणून हा हिशेब वापरू नका. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा पस्तिशीपुढे सहा महिने, तर डॉक्टरांकडे जा. नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच फेरीत करून घ्या, सुनेचे सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका.