फ्रेंच आकडे कसे शिकावेत: एकोणसत्तरपर्यंत कानडी, पुढे आजीच्या विसा

फ्रेंच शिकायला घेतलं की सुरुवातीला सगळं छान चालतं. ‘बोंझूर’ जमतं, नाव-गाव सांगता येतं. सत्तर आला की गाडी अडते. फ्रेंच माणूस सत्तरला ‘साठ-दहा’ म्हणतो, ऐंशीला ‘चार-वीस’ आणि नव्व्याण्णवला चक्क ‘चार-वीस-दहा-नऊ’. बहुतेक शिकवण्यांत इथे एकदा हशा होतो आणि मग घोकंपट्टी सुरू होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला एवढं घोकायची गरज नाही. आपल्या कानावर लहानपणापासून दोन भाषांची मोजणी पडलेली असते. फ्रेंच आकड्यांचा पहिला तुकडा कानडीच्या चालीचा आहे आणि दुसरा आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या विसांच्या, म्हणजे वीस-वीसच्या गटांच्या, हिशोबाचा. हॉटेल मॅनेजमेंट करून गोव्याला निघालेली पोरं असोत, की हत्तरगीच्या विमानभागांच्या कारखान्यात असताना फ्रान्सच्या कामाचं बघणारे इंजिनियर, पहिली गरज दर, वेळ आणि फोन नंबर यांचीच पडते. म्हणून व्याकरणाच्या आधी आकडे धरावेत असं माझं मत आहे.

शून्य ते दहा: कानाने

झेरो, अँ, दऽ, त्रवा, कात्र, सॅंक, सीस, सेत, उईत, नफ, दीस.

नागरीत लिहिलेले हे उच्चार नुसता टेकू आहेत. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये भाषा फ्रेंच ठेवा, आकडा टाका, स्पीकरचं चिन्ह दाबा आणि ऐकून मागोमाग म्हणा. ‘दऽ’ म्हणताना तोंडात ‘ए’ ठेवायचा आणि ओठ ‘ओ’सारखे गोल करायचे. ‘अँ’ आणि ‘सॅंक’ यांतला अनुस्वार नाकातून जातो, जीभ टाळूला लागत नाही. घरात कोकणी बोलत असतील तर ‘हांव’ म्हणताना हेच करता. ‘त्रवा’मधला र घशातून येतो, पण त्यावर दिवस घालवू नका. आपला र लावला तरी आकडा समजतो. अनुस्वार चुकला तर मात्र समोरच्याचा घोटाळा होतो.

क्रम पाठ झाला की लगेच मोडा. दहापासून उलटे म्हणा, मग मध्येच कुठूनही. क्रमानेच येणारा आकडा ऐन वेळी दगा देतो. ‘सात किती?’ विचारल्यावर एकपासून मोजत सातपर्यंत जावं लागत असेल, तर अजून आला नाही असं समजा.

सीस, उईत आणि दीस यांचं शेवटचं अक्षर पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतं. नुसतं सहा म्हणायचं तर ‘सीस’, सहा किलो ‘सी किलो’, सहा युरो ‘सीझऽरो’. आत्ता एवढं ऐकून ठेवा, पुढे कान आपोआप सांभाळतो.

अकरा ते एकोणीस

ओंझ, दूझ, त्रेझ, कातोर्झ, कॅंझ, सेझ. अकरा ते सोळा हे सहा शब्द मात्र पाठच करायचे, त्याला पळवाट नाही. आणि कच्चे ठेवायचे नाहीत, कारण सत्तरनंतर हेच परत येतात. पुढे सतरा म्हणजे दहा-सात, ‘दी-सेत’. अठरा ‘दीझ-उईत’, एकोणीस ‘दीझ-नफ’.

वीस ते एकोणसत्तर: कंडक्टरची मोजणी

व्हॅं (२०), त्रांत (३०), कारांत (४०), सॅंकांत (५०), स्वासांत (६०). या पाच दशकांपुढे एक ते नऊ चिकटवले की एकोणसत्तरपर्यंतचं काम झालं.

इथे मराठी आडवी येते. आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. एकोणतीस तर तिसाला एक कमी. डोक्यात मराठी आकडा धरून फ्रेंच बोलायला गेलात की आधी उलटा फिरवावा लागतो आणि तेवढ्यात समोरचा पुढे गेलेला असतो. बसमध्ये कंडक्टर ‘इप्पत्तैदु’ म्हणतो ते आठवा: इप्पत्तु वीस, ऐदु पाच. फ्रेंचमध्येही ‘व्हॅंत-सॅंक’, वीस-पाच. मूवत्तेरडु (३२), त्रांत-दऽ. नलवत्तारु (४६), कारांत-सीस. अरवत्तोंबत्तु (६९), स्वासांत-नफ. मराठीत एकोणसत्तरसाठी सत्तरला हात घालावा लागतो, कानडी आणि फ्रेंच साठावरच उभे राहून नऊ जोडतात. म्हणून या टप्प्यात आकडा कानडीत ऐका आणि फ्रेंचमध्ये म्हणा. कोल्हापूरकडून नव्याने आलेल्यांना कानडी येत नसेल, तर त्यांनी आकडा लिहून डावीकडून उजवीकडे वाचावा. गती थोडी कमी, पण चालतं.

अपवाद एकच. २१, ३१, ४१, ५१, ६१ यांत मध्ये ‘आणि’ येतो: व्हॅंते अँ, त्रांते अँ. बावीसपासून ‘आणि’ नाही.

सरावाला पुणे-बेंगळुरू महामार्गासारखी जागा नाही. निपाणी-संकेश्वर बाजूला खिडकीत बसा आणि गाड्यांच्या पाट्या वाचा. केए २२ व्हॅंत-दऽ, केए २३ व्हॅंत-त्रवा, केए ४९ कारांत-नफ, कोल्हापूरची एमएच ०९ आली की झेरो नफ. पाटीवरचे शेवटचे चार आकडे दोन-दोनच्या जोडीने वाचायचे. सत्तरच्या वरची जोडी आली तर सुरुवातीला सोडून द्या. (कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बसमध्ये मिळणारं शून्य रुपयांचं तिकीट फ्रेंचमध्येही झेरोचंच.)

सत्तर ते नव्व्याण्णव: विसांचा हिशोब

आपल्याकडच्या जुन्या बायका-माणसांना शंभरपर्यंत सरळ आकडे येत नसले तरी व्यवहार अडत नसे. शंभर म्हणजे पाच विसा. पंच्याण्णव म्हणजे चार विसा आणि पंधरा. फ्रेंच माणूस पंच्याण्णवला ‘कात्र-व्हॅं-कॅंझ’ म्हणतो: चार-वीस-पंधरा. आजीचाच हिशोब, नुसती भाषा बदलली.

मध्ययुगात फ्रान्समध्ये विसांनी मोजणं याहून जास्त चालायचं. पॅरिसमध्ये आजही ‘कॅंझ-व्हॅं’ नावाचं डोळ्यांचं रुग्णालय आहे. पंधरा विसा म्हणजे तीनशे. तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे अंधांसाठी ही संस्था काढली, आणि ते तीनशे नावात विसांनी मोजलेले राहिले.

आता रीत. सत्तर ते एकोणऐंशी: साठात दहा ते एकोणीस मिळवा. स्वासांत-दीस (७०), स्वासांते ओंझ (७१), स्वासांत-दूझ (७२), अशी स्वासांत-दीझ-नफपर्यंत (७९). ऐंशी कात्र-व्हॅं. त्यापुढे एक ते एकोणीस मिळवत थेट नव्व्याण्णवपर्यंत जायचं, मध्ये नव्वदला थांबायचं कारण नाही: कात्र-व्हॅं-दीस (९०), कात्र-व्हॅं-ओंझ (९१), कात्र-व्हॅं-दीझ-नफ (९९). एक्याऐंशी आणि एक्याण्णवमध्ये ‘आणि’ येत नाही, एकाहत्तरमध्ये येतो.

बोलणं लवकर जमतं, ऐकणं अवघड जातं. ‘स्वासांत’ कानावर पडलं की हात लगेच ६ लिहितो, मागून ‘दूझ’ येतं आणि ६चे ७ करत खाडाखोड होते. त्यामुळे ‘स्वासांत’ किंवा ‘कात्र-व्हॅं’ ऐकलं की पेन वर धरा. मागचा शब्द एक ते नऊमधला असेल तर साठी किंवा ऐंशी, दहा ते एकोणीसमधला असेल तर सत्तरी किंवा नव्वदी. फसवणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत: ६२ आणि ७२ (दऽ, दूझ), ६३ आणि ७३ (त्रवा, त्रेझ), ६६ आणि ७६ (सीस, सेझ), ८४ आणि ९४ (कात्र, कातोर्झ). या आठ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, घरातल्या कुणालातरी अ‍ॅपवरून वाजवायला सांगा आणि तुम्ही लिहा. फक्त याच आठांचा सराव केला तरी अर्धं दुखणं जातं.

बेल्जियममध्ये सत्तरला ‘सेप्तांत’ आणि नव्वदला ‘नोनांत’ म्हणतात. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागातही तेच, आणि तिथल्या काही प्रांतांत ऐंशीला ‘उईतांत’. हे शब्द सोपे आहेत, मोहही होतो. पण शिकवण्या आणि परीक्षा बहुतेक फ्रान्सच्या धर्तीवर असतात, तेव्हा ओळखता आले म्हणजे पुरे.

स्वतःचा मोबाइल नंबर

फ्रान्समधले फोन नंबर आपल्यासारखेच दहा आकडी. ते एकेक आकडा सुटा सांगत नाहीत, दोन-दोनच्या पाच जोड्या करून सांगतात. तिकडचा मोबाइल ०६ किंवा ०७ ने सुरू होतो, म्हणजे सुरुवात सोपी. आपले मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतात. म्हणजे आपली पहिलीच जोडी साठ ते नव्व्याण्णवच्या मधली, बहुतेकांच्या वाट्याला अवघड टापूच. ९८ असेल तर कात्र-व्हॅं-दीझ-उईत. आपला नंबर पाच जोड्यांत न अडखळता म्हणता आला की घरच्यांचे घ्या. ते तुम्हाला पाठ असतात, त्यामुळे लक्ष सगळं उच्चारावर राहतं.

दर, तारीख आणि मोठे आकडे

बाजारात कानडीत ‘एष्टु?’ (किती?) विचारतो तसं फ्रेंचमध्ये ‘कोंब्यॅं?’ दशांशाच्या जागी तिकडे स्वल्पविराम असतो, २,५० युरो असं लिहितात आणि ‘दऽझऽरो सॅंकांत’ असं म्हणतात, युरो मध्ये घालून. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजीचे दर मनातल्या मनात युरोत वाचत गेलात तर पिशवी भरेपर्यंत बरीच उजळणी होते. हाताने लिहिलेला त्यांचा एक आपल्याला सातसारखा दिसतो, कारण वरची रेघ लांब काढतात. सात ओळखू यावा म्हणून त्याच्या पोटातून आडवी रेघ मारतात.

तारखेला साधा आकडा चालतो, फक्त एक तारीख वेगळी, तिला ‘पहिली’ म्हणतात. सीमाभागात दोन्ही प्रकारची उदाहरणं तयार आहेत. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन ‘ल दी-सेत झांव्ह्ये’. १ नोव्हेंबर, कुणाचा राज्योत्सव तर कुणाचा काळा दिन, तो ‘ल प्रम्ये नोव्हांब्र’. आणि दोन्हींचं साल एकच, १९५६: ‘मील नफ सां सॅंकांत-सीस’, हजार-नऊशे-पन्नास-सहा.

शंभर ‘सां’, हजार ‘मील’. दोनशेला ‘दऽ सां’, दोन हजारला ‘दऽ मील’. लाख आणि कोटी त्यांच्याकडे नाहीत. एक लाख म्हणजे शंभर हजार, ‘सां मील’. दहा लाख ‘अँ मिल्यों’, शंभर कोटी ‘अँ मिल्यार’. लिहिताना ते तीन-तीन आकड्यांनंतर थोडी जागा सोडतात, स्वल्पविराम देत नाहीत, कारण तो दशांशात खर्ची पडलेला असतो. म्हणून फ्रेंच बिलावर १,५०० दिसलं तर ते दीड हजार नसून दीड असतं.