लोहावर विसंबू नका: क्वेसारच्या वर्णपटातून दीर्घिकांची धूळ मोजताना

दूरच्या दीर्घिकेतला थंड वायू सहसा थेट दिसत नाही. मागे क्वेसार, म्हणजे अतिदूरचं प्रखर दीर्घिका-केंद्र, असेल तर काम होतं. तिच्यामागच्या क्वेसारचा प्रकाश या वायूतून येताना जिथे-जिथे गिळला जातो, तिथून त्याचा माग काढायचा. नवख्यांनी डॅम्प्ड लायमन-आल्फा प्रणालींपासून, म्हणजे हायड्रोजनाच्या दाट ढगांपासून, सुरुवात करावी. दृष्टिरेषेवर दर चौरस सेंटिमीटरमागे असलेल्या हायड्रोजन अणूंच्या संख्येचा लॉगॅरिदम २०.३ किंवा त्याहून जास्त भरला, तर प्रणाली या वर्गात मोडते. वायूच इतका असतो की आतले अणू बाहेरच्या अतिनील प्रकाशापासून झाकलेले राहतात. जस्त, लोह, सिलिकॉन बहुतांशी एकदाच आयनित झालेले सापडतात आणि आयनीकरणाच्या दुरुस्तीची कटकट सहसा उरत नाही.

ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप) २.३ धरा, म्हणजे प्रत्येक तरंगलांबी १ + २.३ = ३.३ पट होते. हायड्रोजनाची १२१५.६७ अँगस्ट्रॉमची लायमन-आल्फा रेषा ४०१२ वर येईल, जस्ताची २०२६.१४ ची रेषा ६६८६ वर. तिची मोजलेली समतुल्य रुंदी (रेषेने एकूण किती प्रकाश गिळला त्याचं माप) ०.१६५ अँगस्ट्रॉम असेल तर आधी ३.३ ने भागा: ०.०५. हा भागाकार विसरला की जस्त थेट ३.३ पट दिसतं. रेषा क्षीण असल्याने अणूंची संख्या रुंदीच्या प्रमाणात धरणाऱ्या साध्या सूत्राने जस्त १२.४४ येतं (हाही लॉगॅरिदमच). हायड्रोजन २०.७ आणि सूर्याचं जस्त ४.६३ (सूर्याचं हायड्रोजन १२ मानणाऱ्या मापावर) धरलं, तर सूर्याशी तुलनेचं उत्तर −०.८९, म्हणजे सूर्याच्या सुमारे १३ टक्के.

आता त्याच वायूत लोह १४.७ निघालं, सूर्याचं ७.५० धरून −१.५०. इथे लोह कमी बनलं असा निष्कर्ष काढायची घाई नको. जस्त बहुतांशी वायूतच राहतं, पण लोह धुळीच्या कणांत अडकलेलं आहे. फरक ०.६१, म्हणजे लोहाचा वायूत जेमतेम पाव हिस्सा उरलाय. जस्तही थोडं धुळीत जातंच, त्यामुळे धुळीचा हा अंदाज कमीच समजा.

खरी डोकेदुखी रेषांच्या सरमिसळीची. २०२६.१४ ला मॅग्नेशियमची २०२६.४८ ची रेषा चिकटलेली असते, अंतर फक्त ५० किमी प्रति सेकंद. मॅग्नेशियमच्या २८५२ च्या रेषेवर प्रतिमान बसवून २०२६.४८ च्या रेषेचा वाटा काढा आणि वजा करा. जस्ताच्या २०६२ ला क्रोमियम असंच झाकतं. तिथे क्रोमियमच्या २०५६ आणि २०६६ आधी बसवा.

मध्यम विभेदनाच्या (जवळच्या रेषा फारशा वेगळ्या न दाखवणाऱ्या) वर्णपटात रेषा तळाला न टेकताही आतून संपृक्त असू शकते, म्हणजे अणू वाढले तरी तिची रुंदी त्या प्रमाणात वाढत नाही. लोहाच्या २३७४ पेक्षा क्षीण २२६० मधून जास्त लोह निघालं, तर २३७४ चा आकडा सोडून द्या.

जस्ताच्या २०२६.१४ च्या रेषेचं दोलक-बल (अणू ती रेषा किती जोरात गिळतो त्याचं माप) जुन्या यादीत ०.५०१, नव्यात ०.६३०; एवढ्यानेच उत्तर ०.१ ने हलतं. वरचं गणित जुन्याचं आहे. दोन निबंधांतले आकडे शेजारी मांडण्याआधी कोणी कोणतं वापरलंय ते पाहा.