स्टोव्ह लाकडाचा, पण थर्मोस्टॅट कुठे?
अमेरिकेतल्या व्हरमाँट, मिनेसोटासारख्या कडक थंडीच्या भागात घर मुख्यतः लाकडाच्या स्टोव्हवर तापवत असाल, तर थर्मोस्टॅटची, म्हणजे खोलीचं तापमान बघून फर्नेस (सगळं घर तापवणारी भट्टी) चालू-बंद करणाऱ्या उपकरणाची, जागा आधी पाहा. तो स्टोव्हच्याच खोलीत असेल तर बिचाऱ्याला सगळं घर उबदार वाटतं. फर्नेस सुरूच होत नाही आणि तिकडे तळघरातल्या, बाहेरच्या भिंतीतल्या पाइपांत पाणी गोठून ते फुटतात. थर्मोस्टॅट लांबच्या गार खोलीत हलवून घ्या, ५५ फॅरनहाइटवर म्हणजे साधारण १३ सेल्सिअसवर लावून ठेवा. महिन्यातून एकदा फर्नेस मुद्दाम चालवून बघा. आणि हो, गॅसच्या फर्नेसच्या पंख्यालाही वीज लागते. हिमवादळात तारा तुटल्या की पुन्हा लाकूडच. चांगलं वाळलेलं, दाराजवळ रचलेलं.