राजगडावर जाताय? मग या चुका टाळा

जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दगड मात्र तेच आहेत, साडेतीनशे पावसाळे झेलून सांधे सुटलेले. हे लक्षात न घेता येणारे दर रविवारी दिसतात.

तटावर चढून फोटो. संजीवनी माचीवर (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदी घातलेली डोंगराची सोंड) हे सगळ्यात जास्त चालतं. तिथलं बांधकाम चिलखती, म्हणजे एका तटाच्या बाहेर दुसरा तट आणि मध्ये खोल, अरुंद जागा. चुना पावसाने धुऊन गेलाय, फटींत पिंपळ-उंबराची मुळं शिरलीत. वरून सपाट, भक्कम दिसणारा चिरा खालून पोकळ असू शकतो. माझी सवय अशी, की फांजीवरून, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरून, जाताना आतल्या बाजूने चालायचं आणि शंका आली की आधी काठी आपटून बघायची. चिरा बद्द वाजला की पाय ठेवायचा नाही. आणि तुमच्या वजनाने निखळलेला चिरा परत कोणी बसवायला येत नाही, हेही आहेच.

नेढ्यात, म्हणजे कड्याला पडलेल्या आरपार भोकात, डिओडरंट. हसू नका. सुवेळा माचीच्या नेढ्याजवळ कड्याला आग्या माशांची पोळी असतात. एकदा कॉलेजची पोरं चढून आली, घामाचा वास जावा म्हणून एकाने फोटोआधी अंगभर फवारा मारला. एक-दोन माशा आल्या, दुसऱ्याने टोपीने झटकल्या. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या चवताळतात. पुढच्या मिनिटाला सगळे ओरडत माचीवरून पळत होते, दोन्ही बाजूंना दरी असताना! एक पोरगा तेवढा चादर ओढून कड्यापासून लांब बसला. त्याला मोजके डंख. जो सगळ्यात जोरात पळाला त्याचा चेहरा ओळखू येईना. पायथ्याच्या गुंजवणे गावच्या लोकांनी धरून खाली नेला आणि तसाच दवाखान्यात.

म्हणून माझ्या पिशवीत उन्हाळ्यातही जाड सुती चादर असते. अत्तर, सिगारेट, मोठ्याने गाणी यातलं काहीही तिथे नको. माशा उठल्याच तर हात झाडायचे नाहीत, तोंड-मान झाकायची आणि पाय कुठे पडतोय ते बघत वाटेने दूर सरकायचं. काटे लगेच खरवडून काढा. डंख जास्त असतील किंवा श्वास अडकू लागला तर घरगुती उपाय करत बसू नका.

शॉर्टकट. वळणाची वाट सोडून सरळ वर घुसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वाचतात जेमतेम पाच मिनिटं. त्या चाकोरीतून पावसाचं पाणी धावतं, माती जाते, दोन पावसाळ्यांत तिथे नुसता घसारा उरतो. मग हेच लोक म्हणतात, वाट खराब आहे.

उशिरा निघणं. दहा वाजता पायथा सोडून बालेकिल्ला, दोन माच्या आणि पद्मावतीचं तळं एका दिवसात होत नाही. एक माची नीट बघा.

टाक्याचं पाणी न उकळता पिऊ नका. स्वतःचं तीन लिटर न्या.

पावसात चोरदरवाजा, म्हणजे गुंजवण्याकडून चढणारी वाट. नवख्यांनी नकोच. रेलिंग आहे, पण ओला कातळ रेलिंगला जुमानत नाही. पाली दरवाज्याला पायऱ्या आहेत, तिकडून चढा. आणि तिकडूनच उतरणार असाल तर गाडी गुंजवण्यात ठेवू नका. ते गाव डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आहे.