ठाणे खाडीकाठी परीयुद्धाची कादंबरी कशी रचावी

किशोरवयीन वाचकांसाठी पऱ्यांच्या महायुद्धाची कादंबरी लिहायला घेणारे बहुतेक जण आधी राण्यांची नावे, मुकुट आणि तलवारी ठरवतात. माझ्या मते सर्वांत आधी युद्धाचे कारण ठरवावे आणि ते ज्या भूमीवर कथा घडते त्या भूमीतूनच यावे. ठाण्याच्या लेखकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. एकीकडे येऊरचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचा उपवन तलाव, दुसरीकडे खाडीचे खारे पाणी, आणि दोहोंच्या मध्ये दाटलेली माणसांची वस्ती. भरावामुळे खाडीकाठची जागा आक्रसत गेली, तर खाडीच्या पऱ्यांनी डोंगराकडे सरकणे आणि डोंगरच्या पऱ्यांनी गोडे पाणी राखण्यासाठी शस्त्र उचलणे, हे दोन्ही समजण्यासारखे आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे पटावे, अशी ही मांडणी मला मोलाची वाटते, कारण त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला बाजू निवडताना खरोखर विचार करावा लागतो.

कारण ठरले की शक्तींच्या आधी मर्यादा ठरवाव्यात. घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडीत सकाळी जाऊन फुलपाखरे पाहावीत. कोवळ्या उन्हात ती पानावर पंख पसरून स्तब्ध बसतात, कारण अंग तापल्याशिवाय त्यांचे उडण्याचे स्नायू नीट काम करत नाहीत. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले राणी पाखरू, त्याच्या काळ्या पंखांसह आणि निळ्या झळाळीसह, डोंगरपऱ्यांच्या सेनेला शोभेल. पण त्या झळाळीबरोबर ही उन्हाची गरजही त्यांना द्यावी. म्हणजे रात्री आणि भर पावसात त्यांना उडता येणार नाही.

खाडीच्या पऱ्यांसाठी तिवराचे झाड न्याहाळावे. त्याची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात आणि पान जिभेला लावले तर खारट लागते, कारण नको असलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. या पऱ्यांचे बळ मुळांशी पाणी असेपर्यंतच टिकते, असा नियम केला की भरती-ओहोटी हीच युद्धाची घटिका होते.

येथे आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब फार उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते. आता कादंबरीतील मोठी लढाई दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या दिवशी ठेवून पाहा. दशमीची पाऊणपट साडेसात होते. सकाळी साडेसातला खाडी भरलेली असते, पण ऊन नुकतेच पडलेले असल्याने डोंगरपऱ्यांचे पंख जड असतात. दुपारी पावणेदोनच्या सुमारास चिखल उघडा पडतो आणि ऊन डोक्यावर येते, म्हणजे पारडे फिरते. शिवाय अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, दोनच दिवस झालेले असल्याने पाणी तिवरांत फार आतवर चढत नाही. त्यामुळे खाडीच्या सेनापतीला शत्रूला काठाजवळ ओढून आणावे लागेल आणि सकाळच्या थोड्या वेळातच निकाल लावावा लागेल. याउलट अमावास्येच्या मध्यरात्री पाणी भरलेले, उधाण असलेले आणि आकाश काळोखे असते. डोंगरपऱ्यांवर अचानक घाला घालायचा असेल तर तीच रात्र निवडावी. अंतिम मसुद्याआधी हिशेब छापील भरती-कोष्टकाशी ताडून घ्यावा. आणि दसऱ्याच्या प्रसंगात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे घालू नयेत. ते हिवाळ्यात येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात.

कथानकाच्या लांबीसाठी चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेचा अभ्यास करावा. ठाण्याचा किल्ला, जेथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, मराठ्यांनी १७३७ सालीच घेतला, परंतु वसई हाती येण्यास मे १७३९ उजाडला. आरंभीचा झटपट विजय आणि त्यानंतरचा प्रदीर्घ, थकवणारा वेढा, हा क्रम महाकथेला फार मानवतो, कारण जिंकणाऱ्यांमधील मतभेद, उपासमार आणि पावसाची भीती या मधल्या काळातच दिसतात.

साती आसरांविषयी एक विनंती आहे. पाण्याकाठच्या या देवतांना आजही अनेक घरांतून ओटी वाहिली जाते. त्यांना खलनायिका करू नये किंवा कुणाच्या फौजेत उभे करू नये. दोन्ही पक्ष ज्यांच्यासमोर शस्त्र खाली ठेवतात असे एखादे स्थान त्यांना दिले, तर तो संकेत वाचकाला लगेच कळेल. आगरी-कोळी बोली वापरायची असल्यास ती बोलणाऱ्या व्यक्तीकडून संवाद तपासून घ्यावेत आणि ती केवळ विनोदी पात्रांच्या तोंडी घालू नये.

नायिका ऐरोलीची दहावीतील मुलगी असो वा तरुण परी, निर्णायक निवड तिनेच करावी. आजीने किंवा गुरूने ती तिच्यासाठी करू नये. शेवटचे प्रकरण लिहिण्याआधी तहाची कलमे स्वतंत्र कागदावर लिहून काढावीत: तलाव कोणाचा, तिवरांची हद्द कोठवर, उधाणाच्या रात्री कोणी कोठे थांबायचे, आणि यांपैकी कोणते कलम नायिकेच्या स्वतःच्या माणसांना मान्य होणार नाही.