मामाचे पैसे आणि क्रेडिट कार्ड

नोकरीला सहा महिने झाले होते आणि टेक्निकल डेटने, म्हणजे कोडमध्ये साचत गेलेल्या कर्जाने, मी झपाटलो होतो. आमच्याकडे रिपोर्टचं एक मॉड्यूल होतं. अडीच हजार ओळी, व्हेरिएबलची नावं टेम्प१, टेम्प२. बघवेना. तीन आठवडे खपून चकाचक केलं. मॅनेजरने विचारलं, "बरं, फरक काय पडला?" तोंडातून शब्द फुटेना. त्या मॉड्यूलला दोन वर्षांत कोणी हात लावला नव्हता.

इथेच पाय घसरतो, म्हणून घोळवून सांगतो. वाईट कोड ही मुद्दल. त्यात बदल करताना दर वेळी जे जास्तीचे तास जातात, ते व्याज. हातच लावला नाही तर व्याज शून्य. बँक इतकी दयाळू नसते, पण इथे तसं आहे खरं. उलट आमची डिस्काउंटची फाइल दिसायला बरी, पण दर आठवड्याला नवी ऑफर आली की तीच उघडायची. महिन्याला ४ बदल, प्रत्येकात ३ तास वाया, म्हणजे १२ तास. नीट करायला लागणार होते ४०. साडेतीन महिन्यांत वसूल! ही क्रेडिट कार्डाची थकबाकी. रिपोर्टचं मॉड्यूल म्हणजे मामाकडून घेतलेले बिनव्याजी पैसे. मामा मागत नव्हता, तरी मी आधी त्यालाच देत सुटलो.

तुमचं व्याज कुठे जातंय ते शोधायला गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, काढा, सहा महिन्यांत कोणती फाइल किती वेळा बदलली ते मोजा. वरच्या पाच फाइलींत वेळ कुठे जातो ते टीमला विचारा. महागडी टूल्स नंतर.

कर्जाची ही उपमा प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅमची, १९९२ सालची. तेव्हा तो वायकॅश नावाच्या गुंतवणुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. त्याच्या लेखी कर्ज म्हणजे गचाळ कोड नव्हेच. आज जेवढं समजलंय त्यावर काम पुढे न्यायचं आणि समज वाढली की कोड पुन्हा लिहायचा. "डेडलाइन आहे, घेऊ कर्ज" म्हणणारे सीनियर यातला दुसरा भाग गिळतात. अशांना गुरू करू नका.

आणि डेट दिसलं की धास्तावूही नका. सगळं फेडलेला प्रोजेक्ट मी अजून पाहिलेला नाही.

१२ आणि ४० चा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा मॅनेजर दोन मिनिटांत "कर" म्हणाला. "फक्त दिवाळीच्या ऑफर जाऊ देत." ते व्याजही भरलंच.