इंजिन बांधायच्या आधी रबरी होस बघा

घरचा जुना ट्रॅक्टर निळा धूर सोडायला लागला, चढाला दम टाकू लागला, दर दोन दिवसांनी अर्धा लिटर ऑइल मागू लागला, की सगळे एकच सांगतात: इंजिन बांधून घ्या. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम सगळं होतं. पुढची उन्हाळी नांगरट संपता संपता तोच निळा धूर परत. मग दोष किटला (लायनर-पिस्टनच्या नव्या संचाला), नाहीतर मिस्त्रीला. पुष्कळदा दोघांचाही दोष नसतो. माती एअर क्लीनरला चुकवून आत जात असते, आणि ज्या फटीतून ती जाते ती फट इंजिन बांधताना कुणी बघितलेलीच नसते. हे कळायला माझं एक अख्खं बांधकाम वाया गेलं. म्हणून ऑइल कधी बदलायचं, ग्रीस कुठे मारायचं हे तुम्हाला येतं असं धरून या एकाच गोष्टीवर जास्त बोलतो.

तीन सिलिंडरचं, अडीच लिटरचं इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला दोन हजार लिटरच्या वर हवा ओढतं. कोरड्या रानात रोटर चालू असताना ती हवा म्हणजे धुळीचा लोट. जुन्या ट्रॅक्टरला बहुधा ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. वरच्या टोपीतून आलेली हवा मधल्या नळीने खाली येते, वाटीतल्या ऑइलवर आपटते आणि उलटी वर वळते. जड धूळ त्या वळणावर ऑइलात पडते, बारीक धूळ तारेच्या ओल्या जाळीला चिकटते, आणि साफ हवा रबरी होसमधून मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीकडे जाते.

घात होतो तो या होसपाशी. क्लीनर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधल्या भागात इंजिन सतत ओढ लावत असतं. त्यामुळे तिथे चीर पडली तरी बाहेर काहीच गळत नाही. डिझेल गळालं तर वास येतो, पाणी गळालं तर खाली डबकं दिसतं. हवेची गळती आतल्या बाजूला होते, आणि चालू इंजिनाच्या आवाजात ती ऐकूही येत नाही. ट्रॅक्टर छान चालतो, ताकद कमी होत नाही, आणि रोज चिमूट चिमूट माती सिलिंडरमध्ये जाऊन ऑइलात कालवली जाते. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये पॉलिश पेपर धरून घासल्यासारखंच ते आहे.

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. होसची खालची बाजू पहिली, कारण तिथे ऑइल साचून रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. वरून होस नव्यासारखा दिसतो. म्हणून तो काढा, उलटा करा, हाताने वाकवून पाहा. दुसरी जागा क्लिपा. तिसरी, वाटीचा रबरी सील आणि वाटीची चेपलेली कड. चौथी, मॅनिफोल्डचं पॅकिंग. पाचवी सगळ्यात फसवी: मॅनिफोल्डवर थंडीत स्टार्ट करण्यासाठी हीटर असतो, तो काढून टाकलेला असतो आणि भोकाला लाकडाची खुंटी किंवा चिंधी कोंबलेली असते.

तपासणीला अर्धा तास पुरतो. आधी इंजिन बंद करून होस काढा, पांढरा सुती कपडा बोटाला गुंडाळून मॅनिफोल्डच्या तोंडात आतून फिरवा. काळपट तेलकट डाग आला तर घाबरू नका. तपकिरी थर आला आणि बोटांत चोळल्यावर खरखर लागली, तर माती आत जाते आहे. मग होस परत बसवा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, इंजिन मंद चालू. वरची टोपी काढा आणि नळीच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा किंवा फळी दाबून धरा. हात लावू नका आणि चिंधी तर नकोच, ती आत ओढली जाते. इंजिनाने काही सेकंदांत गुदमरून बंद पडायला हवं. चालतच राहिलं, तर ते दुसरीकडून हवा घेतं आहे. जागा शोधायला तोंड अर्धवट झाका, म्हणजे आतली ओढ वाढते, आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावत जा. फेस जिथे आत शोषला जातो तिथे फट आहे.

होसच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळून वर बाइंडिंग तार आवळलेली तुम्हाला हमखास दिसेल. जुगाडाला माझा सरसकट विरोध नाही. सीटला, मडगार्डला, टूलबॉक्सला हवा तो जुगाड करा. एअर क्लीनरच्या पुढे एकही चालणार नाही. होस आणि दोन क्लिपांचा खर्च वीस लिटर डिझेलच्या कॅनपेक्षा कमी आहे. तो वाचवून इंजिन घालवणं याला काटकसर म्हणत नाहीत.

इंजिन उघडलंच असेल तर जुने भाग भंगारात टाकण्याआधी वाचा. वरची रिंग जास्त झिजली आहे आणि लायनर वरच्या टोकाशी खाल्ला आहे, म्हणजे माती हवेतून आली. वरचा भाग बरा, पण खालची ऑइल रिंग आणि बेअरिंगला ओरखडे, म्हणजे घाण ऑइलातून आली. कॅनचं तोंड न पुसता ऑइल ओतणं, उघडा राहिलेला ब्रिदर (इंजिनातला वाफारा बाहेर सोडणारी नळी), बदलायचा राहिलेला फिल्टर अशी कारणं शोधा. रिंगच्या दोन टोकांमधली फट मोजायला रिंग लायनरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. ९० मिलिमीटरच्या आसपासच्या बोअरला नव्या रिंगची फट साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते. एक मिलिमीटरच्या पुढे गेली की ती रिंग संपली.

वाटीची निगा सोपी आहे, फक्त आळस नको. धुळीच्या कामात रोज उघडा. तळाला बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढा गाळ साचला की ऑइल फेका, वाटी डिझेलने धुवा, खुणेपर्यंत नवं इंजिन ऑइल भरा. पातळी बघायच्या आधी ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटं बंद असू द्या, जाळीतलं ऑइल खाली यायला वेळ लागतो. खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं ऑइल हवेबरोबर ओढलं जातं, इंजिन तेच जाळून बेफाम पळू लागतं, आणि डिझेलचा नॉब ओढूनही थांबत नाही. असं झालंच तर हवेचं तोंड फळीने बंद करणं हाच उपाय. मळणी यंत्र चालवताना टोपीत आणि रेडिएटरच्या पाकळ्यांत भुसा भरतो, तो दर दोन-तीन तासांनी काढा. सोयाबीनच्या मळणीत तर आणखी लवकर.

धुराबद्दल थोडक्यात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, तेव्हा आधी क्लीनरची जाळी चोंदली आहे का बघा, मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतं आहे किंवा पाणी सिलिंडरमध्ये जातं आहे. थंडीत सकाळी दोन मिनिटं पांढरा धूर आला तर काळजीचं कारण नाही. विकायला काढलेल्या ट्रॅक्टरला धूर नसेल तर डिपस्टिकचं ऑइल बोटांत धरून बघा. धूर लपवायला इंजिनात गिअर ऑइल ओतणारे असतात.

डिझेलमध्ये हवा धरली की नवखा माणूस बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत बसतो. तसं करू नका, क्रम पाळा. टाकीत डिझेल आणि कॉक उघडा आहे ना, बघा. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करा, फीड पंपाचा हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग धार आली की मारता मारताच स्क्रू आवळा. मग दुसऱ्या फिल्टरचा, मग इंजेक्शन पंपाचा. एवढ्यावर चालू झालं नाही तर नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल ठिबकू लागलं की आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आतून हात सडतो. तसं झालं तर दुखण्याची वाट न बघता ताबडतोब दवाखाना. हवा परत परत धरत असेल तर तांब्याचे वॉशर बघा. ते दबून कडक होतात. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात आणि पुन्हा चालतात. पंपाचं सील मात्र घरी तोडायचं नाही. कॅलिब्रेशन आणि नोझलचा दाब मशिनवरच बघावा लागतो.

आता दोन गोष्टी कडक शब्दांत. सेल्फच्या टोकांवर पाना टेकवून ट्रॅक्टर चालू करू नका. खाली उभं राहून असं करताना गिअर पडलेला असेल तर मागचं चाक तुमच्या अंगावरून जातं. स्विच बिघडला असेल तर स्विच बदला. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली जाऊ नका. ॲक्सलखाली लाकडी ओंडके, उरलेल्या चाकांना पुढून-मागून उटी, जमीन घट्ट. दगड आणि विटा दबावाखाली फुटतात. क्लचसाठी ट्रॅक्टर दुभागायचा असेल तर पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना पाचरी ठोकाव्या लागतात, नाहीतर इंजिन मधल्या पिनवर कलंडतं. हे काम पहिल्यांदा एकट्याने नको.

बाकी फार भिऊ नका. या ट्रॅक्टरांत सेन्सर नाहीत, संगणक नाही. हवा, डिझेल, ऑइल आणि पाणी एवढ्यावर सगळं चालतं. पाने मात्र नीट घ्या. मॅसी ३५, बी-२७५ अशा जुन्या वळणाच्या ट्रॅक्टरांचे नट इंची असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. रेडिएटरमध्ये बोअरचं खारट पाणी घालू नका, आत क्षारांचा थर धरतो आणि मग इंजिन तापल्याचं कारण सापडत नाही. डिपस्टिकवर ऑइल चहाच्या रंगाचं, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. तसा ट्रॅक्टर चालवू नका. भाताच्या चिखलणीनंतर गिअरबॉक्सच्या ऑइलचीही हीच परीक्षा करा.

शिकायचं कुणाकडून? आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. जमलं तर जा. गावात मात्र मिस्त्री पारखून निवडा. नुसता आवाज ऐकून ‘इंजिन बांधावं लागेल’ म्हणणारा नको. काढलेले भाग क्रमाने कापडावर मांडणारा, झीज बोटाने दाखवणारा आणि होस स्वतःहून तपासणारा असेल, तर मजुरी जास्त घेत असला तरी त्याच्याच हाताखाली उभे राहा. तो रागावला तरी प्रश्न विचारा.

इंजिन बांधून आलंच असेल तर पहिले पन्नास तास महत्त्वाचे. तासन् तास मंद चालू ठेवायचं नाही आणि पूर्ण ताणही द्यायचा नाही; हलकी-मध्यम कामं द्या. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला. हेडचे नट पुस्तिकेतल्या मापाने, मधून बाहेर या क्रमाने पुन्हा आवळा आणि त्यानंतरच टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावा. आणि होसच्या क्लिपाही त्याच दिवशी आवळा, नवं रबर तापून बसलं की त्या सैल पडतात.